सरांचा २०० मीटरचा ट्रॅक: आकडे, खुंट्या, शिट्टी (आठवणी वेगळ्या धाग्यावर)

फर्मागुडीकर | २१ सप्टेंबर, रात्री ९.४०

आपल्या धावण्याच्या सरांचं बारावं परवा झालं. श्रद्धांजलीचा धागा वेगळा चालू आहे, मन मोकळं करायचं ते तिथे करावं. हा धागा कामाचा.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर फक्की (ट्रॅकच्या रेघांची पांढरी पूड) पडायची. इतकी वर्षं ती सरांच्याच देखरेखीखाली पडली. आता नवीन पी.टी. सरांनी साधा प्रश्न विचारला, ट्रॅक आखायचा कसा? आणि कळलं की सगळं सरांच्या डोक्यात होतं. त्यांची हिरव्या पुठ्ठ्याची वही घरच्यांनी दिली आहे, पण निम्मी वाळवीने खाल्ली. पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत १५, ५२.२५, ६०.२५ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. बाकी पानांवर सेकंदच सेकंद.

ज्यांना पद्धत ठाऊक आहे त्यांनी मापांसकट लिहा. सर कडक होते पण मायाळू होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

नववी ब | २१ सप्टेंबर, रात्री १०.२५

बाब, ते तीन आकडे म्हणजेच अख्खा ट्रॅक. सर आधी गणिताचे, मैदानाचे मागाहून, आणि पायथागोरस ते फळ्यावर कमी अन् मैदानावर जास्त शिकवायचे.

१५ म्हणजे वळणाची त्रिज्या, मीटरमध्ये. कुठवर मोजायची हे महत्त्वाचं: सर्वांत आतल्या रेघेची बाहेरची कड, म्हणजे पळणाऱ्याकडची. फक्कीची जाडी त्या कडेच्या आत पडली पाहिजे.

आता, मुलगा रेघेवरून पळत नाही, रेघेच्या थोडा बाहेरून पळतो. म्हणून नुसती चुन्याची रेघ असेल तिथे अंतर रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर धरून मोजतात. परीघाला त्रिज्या १५ नव्हे, १५.२०. दोन्ही वळणं मिळून २ × ३.१४१६ × १५.२० = ९५.५०. ते २०० मधून वजा केले की उरतात १०४.५०. त्याचे निम्मे ५२.२५, ही एका सरळ भागाची लांबी.

६०.२५ हा काटकोन बरोबर आहे की नाही याचा पहारेकरी. दोन सरळ भागांमधला आयत ५२.२५ बाय ३० चा. त्याचा कर्ण काढा: ५२.२५ चा वर्ग २७३०.०६२५, अधिक ९००, वर्गमूळ बरोबर ६०.२५. शेपटी नाही, काही नाही. त्रिज्या १४ किंवा १६ घेतली तर कर्ण असा गोंडस येत नाही. सरांनी १५ का धरली असेल याचं दुसरं कारण शोधायला जाऊ नका. (फुटबॉलच्या मैदानात बसतो हेही आहेच. चार लेन धरून रुंदी ३९.७६, लांबी ९२ मीटर.)

ते २० सेंटीमीटर विसरले तर काय होतं तेही लिहून ठेवतो, कारण बऱ्याच शाळांत नेमकं तेच होतं. सरळ भाग ५२.८८ चा निघतो आणि एक फेरी २०१.२६ मीटरची होते. १०० मीटरला कळणार नाही. पण ३००० मीटरच्या १५ फेऱ्यांत पोर जवळजवळ १९ मीटर फुकट पळतं, म्हणजे तीन-चार सेकंद. मग बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर तेच पोर अचानक "सुधारतं" आणि सगळे बुटांना श्रेय देतात. उलट ३.१४१६ ऐवजी २२/७ घेतलं तर फेरीमागे चार सेंटीमीटरचाच फरक. त्यावर डोकं शिणवू नये.

कुळागर | २२ सप्टेंबर, सकाळी ६.१५

आखणीचा क्रम असा, चार माणसं आणि दीड तास:

आधी मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने दोरी ताणायची. या दोरीवर दोन केंद्रं, एकमेकांपासून ५२.२५ वर. आपल्याकडचा टेप ५० मीटरचा, तो पुरत नाही. ५० वर खुंटी ठोकून पुढचे २.२५ मोजायचे. ही खुंटी दोरीला चिकटूनच हवी.

मग प्रत्येक केंद्रापाशी काटकोन. ६, ८, १० मीटरचा त्रिकोण धरायचा. ३-४-५ चा छोटा त्रिकोण १५ मीटरवर नेला की चूक चौपट-पाचपट होते, म्हणून सर तो घेऊ देत नसत. केंद्राच्या दोन्ही बाजूंना १५ वर खुंट्या. चार खुंट्या झाल्या की दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही ६०.२५ आले पाहिजेत. एक ६०.४० आणि दुसरा ६०.१० आला तर आयत कलंडलाय, एका बाजूच्या दोन्ही खुंट्या एकाच दिशेने सरकवायच्या. दोन्ही कर्ण सारखेच पण मोठे आले तर लांबी किंवा रुंदीच चुकली आहे.

वळणाला दोरी चालत नाही. नायलॉन ताणला की लांबतो, काथ्या दवाने आखडतो. सरांची जस्ताची तार होती, एका टोकाला कडी, आणि १५.००, १६.२२, १७.४४, १८.६६, १९.८८ वर रंगाच्या खुणा. कडी केंद्राच्या खुंटीत अडकवून तार फिरवायची. कडी खुंटीवर सैल फिरली पाहिजे. तार खुंटीला गुंडाळली गेली तर फिरता फिरता त्रिज्या कमी होते आणि वळणाचं शेवटचं टोक सरळ रेघेला जुळतच नाही. मग लोक तिथे हाताने बाक काढून वेळ मारून नेतात.

पाच रेघा मिळून १०७० मीटर भरतात. ५ सेंटीमीटर रुंदीला २५ किलोच्या तीन गोण्या, थोडी उरते. फक्की म्हणजे खडूची किंवा कॅल्साइटची पांढरी पूड. घर रंगवायचा कळीचा चुना किंवा शिंपल्यांचा चुना नको. ओल्या गवतावर तो पेटतो, आणि रेघेवर पडलेल्या पोराच्या गुडघ्याला, डोळ्याला भाजतो. रेघ मारायची ती दव उडाल्यावर, नऊच्या पुढे.

फर्मागुडीकर | २२ सप्टेंबर, सकाळी ७.०५

देव बरें करूं. हेच हवं होतं. स्टॅगरचं, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात किती पुढे घ्यायची त्याचं, कोण लिहितंय? पी.टी. सरांकडे पुस्तकातला तक्ता आहे, दुसऱ्या लेनला ७.०४.

लेन चार | २२ सप्टेंबर, दुपारी १.३०

तो तक्ता बाजूला ठेवा! ७.०४ हा आकडा खरा आहे, पण ४०० मीटरच्या अशा ट्रॅकसाठी ज्याच्या आत उंच कठडा असतो. कठडा असला की पहिल्या लेनचं माप ३० सेंटीमीटर बाहेर धरतात, बाकी लेनचं २०. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या लेनमधला फरक थोडा कमी येतो. आपल्याकडे कठडा नाही, सगळ्या रेघा फक्कीच्या, म्हणजे सगळ्या लेनना २०. मग दोन लेनमधला फरक निव्वळ लेनच्या रुंदीचा: २ × ३.१४१६ × १.२२ = ७.६७. पुस्तकातला आकडा घेतला तर दुसऱ्या लेनवाल्यावर ६३ सेंटीमीटरचा अन्याय होतो, आणि तिसऱ्या-चौथ्यालाही तेवढाच.

सरांच्या ट्रॅकवर एक पूर्ण फेरी, म्हणजे २०० मीटर:
दुसरी लेन ७.६७, तिसरी १५.३३, चौथी २३.००.
४०० मीटर शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्ये पळवायची असेल तर याच्या दुप्पट.

गंमत म्हणजे यात त्रिज्या येतच नाही. वळण १५ चं असो की ३६.५० चं, एका पूर्ण फेरीला फरक तोच.

मोजताना टेप त्या लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेर, वळणाबरोबर वाकवत न्यायचा. सर दर मीटरला खिळा लावून टेप त्याला टेकवायचे. दोन टोकं धरून सरळ मोजलं तर टेप वळण कापून जातो. चौथ्या लेनच्या २३ मीटरला यात सव्वा मीटरच्या वर फरक पडतो, कारण वळण फार घट्ट आहे.

आणखी एक. १०० मीटर या ट्रॅकवर पळवू नका. सरळ भाग ५२ चा आहे. १०० वेगळी आखायची, कुंपणाच्या कडेने, आणि शेवटच्या रेघेपुढे १७ मीटर मोकळे हवेत. तिथे चिऱ्यांचा गडगा आहे. गडग्याला गादी लावून भागवू नका, सुरुवातच मागे घ्या.

स्टॉपवॉच | २२ सप्टेंबर, रात्री ८.५०

वहीतले सेकंद कसे वाचायचे ते सांगतो. "मु. १४, ३६/९" म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुली, फेरी ३६ सेकंदांची, शिट्टी दर ९ सेकंदांनी.

सरळ भाग ५२.२५ आणि वळण ४७.७५, मिळून १००. म्हणून ५० मीटरचं निशाण सरळ भाग संपायच्या २.२५ मीटर आधी येतं, १०० चं वळण संपतं तिथे, मग समोरच्या बाजूला पुन्हा तसंच. चार काठ्यांना चार फडकी, अंगणातल्या तुळशीएवढ्या उंचीची. सर मधोमध उभे राहून दर ठरलेल्या सेकंदाला शिट्टी मारायचे. शिट्टी वाजली तेव्हा पोर काठीपाशी हवं, पुढे नको, मागे नको.

यातलं "पुढे नको" हे खरं शिक्षण. पोरं पहिली फेरी ३२ मध्ये मारतात आणि चौथीपासून बसतात. फेरी ३६ म्हणजे १५०० मीटर साडेचार मिनिटांत, फेरी ४० म्हणजे ३००० मीटर दहा मिनिटांत. ३६ ला शिट्टी ९ वर, ४० ला १० वर, ४४ ला ११ वर. गटात तीन वेगांची पोरं असतील तर सर एकाच शिट्टीवर भागवायचे: काठ्या त्याच, पण हळू गट आतल्या बाजूने काठीच्या आधीच्या खडूच्या खुणेशी पोचायचा. आठवड्यात हे फक्त एकदा, मंगळवारी. १४ खालच्यांना जास्तीत जास्त सहा वेळा ४००, मध्ये दोन मिनिटं चालणं. शेवटच्या दोन वेळांत शिट्टी चुकायला लागली की तिथेच बंद. आकडा पूर्ण करण्यासाठी सर कधी पळवत नसत.

घड्याळ धरण्याबद्दल: क्लॅपर (शर्यत सोडायला आपटायच्या दोन फळ्या) मिटलेला *दिसला* की बटण, ऐकू आला की नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० मीटरवर उभ्या माणसाला तो ०.२९ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे वेळ तेवढी फुकट कमी दिसते. म्हणून सरांचा क्लॅपर काळा आणि मागे उभ्या पोराच्या हातात पांढरा पुठ्ठा. शेवटी छाती रेघेवर आली की बटण, डोकं किंवा हात नाही. आणि हाताची वेळ दशांशात वरच्या बाजूला न्यायची: १२.३१ म्हणजे १२.४. वहीत म्हणून एकाच दशांशाचे आकडे आहेत, शंभरांश कुठेच नाही.

डिचोलीची बाय | २२ सप्टेंबर, रात्री ९.२०

रिलेच्या बॅटनचं कोणीतरी सविस्तर लिहा ना. आमच्याकडच्या शाळेत अजून बॅटन द्यायला २० मीटरचा पट्टा आणि मागे १० मीटर मोकळे, असंच आखतात.

लेन चार | २२ सप्टेंबर, रात्री ११.१०

बाय, तो नियम २०१७ च्या शेवटी बदलला. आता ४ × १०० ला सलग ३० मीटरचा एकच पट्टा, त्यातच उभं राहायचं आणि त्यातच बॅटन द्यायचं. मधली १०० मीटरची खूण पट्ट्याच्या सुरुवातीपासून २० वर येते. ४ × ४०० ला मात्र अजून २० च, खुणेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा. पंच बघतात ते बॅटन कुठे आहे, पाय कुठे आहेत ते नाही.

सरांची पावलांची रीत अशी. देणारा भरधाव येताना शेवटचे २५ मीटर किती सेकंदांत कापतो ते मोजा, समजा ३.२. घेणारा उभ्याने निघून पहिले २५ किती सेकंदांत, समजा ४.० (यात खूण दिसून निघेपर्यंतचा वेळही धरा). फरक ०.८ सेकंद. देणाऱ्याचा वेग २५ भागिले ३.२, म्हणजे सेकंदाला ७.८ मीटर. ०.८ × ७.८ = सव्वासहा मीटर. दोघांचे हात लांब केले की साधारण एक मीटर मिळतो, तो मिळवा: सव्वासात. घेणाऱ्याचा बूट २६ सेंटीमीटरचा असेल तर २८ पावलं. घेणाऱ्याच्या जागेपासून मागे २८ पावलांवर खूण. देणारा त्या खुणेवर आला की घेणाऱ्याने मान पुढे करून सुटायचं, पुन्हा मागे बघायचं नाही.

पण सुरुवात २८ ने करायची नाही. पहिल्या दिवशी २४. पावलं कमी म्हणजे घेणारा उशिरा सुटतो, देणारा त्याच्या अंगावर येतो, बॅटन मिळतं पण वेग मरतो. पावलं जास्त म्हणजे घेणारा लवकर सुटतो आणि पट्ट्याबाहेर निघून जातो, चमूच बाद. म्हणून खालून वर चढायचं, एका सत्रात एकच पाऊल. अंतिम फेरीला देणारा दमलेला असतो, गवत ओलं असतं, तेव्हा दोन पावलं कापायची. सर हे बोलायचे नाहीत, स्वतः जाऊन खुणेचा चिकटपट्टा उचलून पुढे लावायचे.

हात: पहिल्याच्या उजव्यात, दुसऱ्याच्या डाव्यात, तिसऱ्याच्या उजव्यात, चौथ्याच्या डाव्यात. पळता पळता हात बदलायचा नाही. हाक एकच, "घे", आणि हाकेनंतरच हात मागे जायचा. बहुतेक पोरं हात मागे ठेवूनच पळतात, तिथे अर्धा सेकंद जातो. बॅटन पडलंच तर ज्याने पाडलं त्यानेच उचलायचं. दुसऱ्याने दया दाखवली की संपलं.

सरावाचं बॅटन सर पाण्याच्या पी.व्ही.सी. नळीचं कापायचे, ३० सेंटीमीटर. घेर १२ ते १३ सेंटीमीटर हवा आणि वजन ५० ग्रॅमच्या वर. नळी हलकी पडली तर आत ओल्या वाळूची पुरचुंडी.

फिजिओ, म्हापसा | २३ सप्टेंबर, सकाळी १०.००

दुखण्याचा भाग मी घेते. सरांच्या वहीत काही नावांपुढे "बोट" आणि काहींपुढे "तळवा" लिहिलेलं आहे असं कळलं. ते दुखण्याची खूण आहे आणि अगदी योग्य आहे.

नडगी दुखते म्हटल्यावर पोराला सांगायचं, कुठे ते दाखव. हाताचा पूर्ण तळवा फिरवून लांब पट्टा दाखवला तर बहुधा नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेची सूज: पळणं निम्मं, गवतावरच, काही आठवड्यांत बसते. एका बोटाने एकच जागा दाखवली, ती दाबली की पोर दचकतं, त्या पायावर उडी मारता येत नाही, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, त्याला भुलू नये.

वाढत्या वयाची दोन दुखणी वेगळी. दहा ते पंधरा वर्षांत गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं, आणि आठ ते चौदात टाचेच्या मागे दुखणं. दोन्ही ठिकाणी हाड लवकर वाढतं आणि स्नायूचा दोर ओढ देतो. उड्या आणि उतार कमी करायचे, बर्फ लावायचा. उंची भरभर वाढत असेल त्या महिन्यांत वेगाचं काम कमी. सर दर पहिल्या सोमवारी उंची मोजायचे ते याचसाठी, सैन्यभरतीसाठी नाही.

घट्ट वळणाचा एक तोटा लक्षात ठेवा. १५ मीटर त्रिज्येवर रोज डावीकडे वळत पळलं की दोन पायांवर भार वेगवेगळा पडतो. हलक्या दिवशी निम्म्या फेऱ्या उलट्या दिशेने मारायच्या.

सुकती | २३ सप्टेंबर, दुपारी ४.४५

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या रविवारच्या सरावाबद्दल थोडं. पुळणीवर कधी पळायचं हे सर पंचांग आणि मुरगावच्या भरतीच्या तक्त्यावरून ठरवायचे. सुकतीच्या (ओहोटीच्या) अलीकडे-पलीकडे तासभर वाळूचा पट्टा कडक असतो, तेवढंच. सुकती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी सहाला असेल तर पुढच्या रविवारी सहाला भरती भेटेल. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच वेळ. म्हणून मिरामार एकाआड एक रविवार, त्यात दुसरं गूढ नाही.

पुळण समुद्राकडे उतरती असते. जाताना एक पाय खाली, येताना दुसरा. म्हणून गेलेल्या वाटेनेच परत यायचं, तेवढंच अंतर. एकाच दिशेला चार किलोमीटर पळवून तिथे गाडी बोलावणारे दीडशहाणे असतात. भुसभुशीत कोरड्या वाळूत १४ खालच्यांना दहा मिनिटांच्या वर नको, टाचेची शीर ओढली जाते.

फोंड्याचो धांवपी | २३ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

सगळं खरं, पण सरांचं सगळंच बरोबर होतं असं करू नका. अनवाणी पळवायचे. जांभ्या खड्यांचं मैदान ते!

कुळागर | २३ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१०

अनवाणी फक्त आतल्या गवतावर, ६० मीटरच्या चार-पाच धावा, तेही खडे वेचून झाल्यावर. दर शनिवारी रांग धरून खडे वेचणं हा सरावाचाच भाग होता. मुरुमावर आणि डांबरावर बूट. हे अर्धंच आठवून पुढे गेलं तर कुणी तरी उद्या पोरांना रस्त्यावर अनवाणी काढील.

फिजिओ, म्हापसा | २३ सप्टेंबर, रात्री ८.००

पाण्याबद्दल मात्र धांवपीबाबना मान्य करायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत सर पळताना पाणी देत नसत, तेव्हाची रूढीच तशी होती. नंतर त्यांनी स्वतः बदललं, आणि बदल वजनकाट्यावर केला. सरावाआधी आणि नंतर घाम पुसून वजन. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला.

आपल्याकडे आकडा ३२ अंशांचाच असतो, पण हवेत ओल इतकी की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये म्हणून पावणेसहाची शिट्टी आणि साडेसातला मैदान रिकामं.

सरावानंतर पेज आणि त्यात मीठ, सोबत लोणच्याची फोड. याहून चांगलं काही विकत मिळत नाही. नाहीतर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ. आगळ (कोकमाचा खारा रस) घालणार असाल तर त्यात मीठ असतंच, वेगळं मीठ चव बघून. मेडिकलमधल्या ओआरएसच्या पुडीवर एक लिटरची की २०० मिलिलिटरची ते वाचा. लिटरची पुडी पेल्यात ढवळून देणं ही नेहमीची चूक, त्याने तहान आणि मळमळ वाढते.

पोर बरळायला लागलं, सरळ चालेना, अंग तापलं, तर पाणी पाजत बसायचं नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, बादल्याच्या बादल्या अंगावर ओतायच्या आणि त्याच वेळी १०८ ला फोन. आधी थंड करायचं, मग हलवायचं. विहिरीपाशी दोन भरलेल्या बादल्या कायम असत त्या झाडांसाठी नव्हत्या.

डिचोलीची बाय | २४ सप्टेंबर, सकाळी ८.१५

आणि पावसाचे चार महिने?

कुळागर | २४ सप्टेंबर, सकाळी ८.४०

व्हरांडा. दोरीउड्या ३० सेकंद, ३० सेकंद थांबा, दहा वेळा. गुडघे वर, टाचा मागे, २० मीटर जा-ये. चिऱ्यांच्या पायऱ्या जूनपासून बंद, शेवाळ धरतं. ओले बूट चुलीजवळ नको, तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे, दोनदा बदलायचे.

फर्मागुडीकर | २४ सप्टेंबर, रात्री ९.००

माजी विद्यार्थ्यांच्या गटात फिरता चषक ठेवायचं चाललंय. ठेवा, पण चषक कपाटात जाईल. त्याआधी केंद्रं शोधू. सर दरवर्षी पहिल्यापासून मोजत नसत हे नक्की, तासाभरात ट्रॅक उभा राहायचा. केंद्रांवर काहीतरी पुरलेलं असणार.

नववी ब | २४ सप्टेंबर, रात्री ९.३५

पुरलेलं आहे. दोन चिरे, प्रत्येकात लोखंडी बोल्ट, वर चार बोटं माती, फुटबॉलवाल्यांच्या पायाला लागू नये म्हणून. वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो टाकलात त्यात कोपऱ्यात "झेंडा १८.४०, विहीर २६.१०" आहे, तोच पत्ता. झेंड्याच्या खांबापासून १८.४० ची कमान आणि विहिरीच्या मैदानाकडच्या कोपऱ्यापासून २६.१० ची. दोन कमानी दोन ठिकाणी छेदतील. एक छेद मैदानात, दुसरा बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीत. मैदानातला खणा. दुसरा चिरा त्याच्यापासून लांबीच्या दिशेने ५२.२५ वर. पहारीने टोचत जा, चिऱ्याला लागली की आवाज बदलतो.

फर्मागुडीकर | २७ सप्टेंबर, सकाळी ११.२०

दोन्ही सापडले. पहिला पाच इंच खाली, बोल्ट शाबूत. दुसरा गवताच्या मुळांत, बोल्टचं डोकं गंजून गेलंय, नुसता दांडा उरलाय. पण मधलं अंतर ५२.२७ भरतंय. दोनदा मोजलं. २ सेंटीमीटर कुठून आले? सरांचं माप चुकलं असं लिहायला हात धजत नाही.

नववी ब | २७ सप्टेंबर, सकाळी ११.४५

सरांचं चुकलं नसेल. ५० ची खुंटी कुठे ठोकली ते बघा. शेवटचा तुकडा सव्वादोन मीटरचाच आहे, तिथे खुंटी दोरीपासून फूटभर बाजूला गेली तरी दोन सेंटीमीटर वाढतात. दोन्ही बोल्टांमध्ये दोरी ताणून मगच मोजा.

फर्मागुडीकर | २७ सप्टेंबर, दुपारी १२.३०

खुंटी दगडाला लागून फूटभर डावीकडे ठोकली होती. दोरी ताणली, खुंटी हलवली. ५२.२५.

दुसऱ्या चिऱ्याला पितळी बोल्ट हवा, अर्धा इंची, सहा इंच लांब. फोंड्याच्या बाजारात कुणी येणार असेल तर शनिवारपर्यंत आणा. तार गंजलीय, नवीन २० मीटर घेतो, खुणा कुळागरबाबनी करून द्याव्यात. रविवारी दव उडाल्यावर, नऊला.

लेन चार | २७ सप्टेंबर, दुपारी १२.५०

बोल्ट आणतो. टेपसाठी खिळे कुणाकडे आहेत? २३ तरी लागतील.